कापणारीचा तुकडा

देऊळघाट
४ डिसेंबर २०२३

प्रिय पुष्पा,

काल ब्रेडचा पुडा फोडताना तुझी आठवण झाली. अकोल्याच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी दुपारच्या चहाला प्रत्येक टेबलावर एक अख्खा पाव यायचा. सिस्टर अ‍ॅग्नेस कोणातरी एकीच्या हातात सुरी द्यायच्या आणि सांगायच्या, जी कापेल ती शेवटचा तुकडा घेईल. तुझ्या हाती सुरी आली की तू जीभ दातात धरून असे सारखे तुकडे पाडायचीस की भांडायला कोणाला जागाच राहायची नाही. माझ्या हाती आली की एक तुकडा हमखास बारीक व्हायचा आणि तोच माझ्या वाट्याला उरायचा. तू म्हणायचीस, भामा, तू मुद्दाम करतेस. मी मुद्दाम करत नव्हते ग. निदान मला तसं वाटायचं.

चिखलीच्या लग्नात तू भेटलीस ते किती बरं झालं. निवृत्तीनंतर तू समुपदेशनाचा अभ्यास केलास, लोकांची मनं ऐकतेस, हे ऐकून मला आपली पुष्पाच दिसली, सगळ्यांची भांडणं सोडवणारी. तू म्हणालीस, फोन कर. पण मला आता कमी ऐकू येतं, फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो, आणि आमच्या घरात ह्यांची खाट बैठकीतच आहे. ह्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हणून लिहिते.

सात वर्षांपूर्वी ह्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. माझा मुलगा जीवन तेव्हा चाकणला कंपनीत होता, चांगल्या जागेवर. मी त्याला फोन केला. एवढंच म्हटलं, ये बाळा, वावर उभं आहे. तो आला आणि राहिला. वांगी, मिरची, शेपू, कोथिंबीर, सगळं त्यानं नव्यानं उभं केलं. आणि आज छत्तीस वर्षांचा झाला तरी त्याला मुलगी मिळत नाही. पोरीकडचे पहिला प्रश्न विचारतात, नोकरी कुठं? दुसरा विचारतात, पुण्याला घर आहे का? ही दोन्ही उत्तरं त्याच्याजवळ होती ग, पुष्पा. घरसुद्धा बुक करणार होता. मी फोन केला.

उठता-बसता हेच. पोळी लाटताना, देवाला दिवा लावताना. एका फोननं मी माझ्या मुलाचा संसार होऊ दिला नाही.

बाकी जीवन बरा आहे. शेतात काम फार, म्हणून दोन्ही वेळचा डबा पाठवते.

तुझी,
भामा

⁂

पुणे
१८ डिसेंबर २०२३

प्रिय भामा,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, सिस्टर अ‍ॅग्नेसनी रेघेवर बसवलेलं. पत्र दोनदा वाचलं.

आधी एक विचारते. रात्रीचाही डबा का जातो? हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधारतं. शेत घरापासून लांब नाही, तूच लग्नात सांगितलंस. तो घरी जेवत नाही का?

आता माझ्या कामाचं. आम्ही लोकांना शिकवतो ते फार साधं असतं. मनात एक वाक्य फिरत असतं आणि आपण ते खरं धरून चालतो. तुझं वाक्य तू स्वतःच लिहिलंस: ‘एका फोननं मी त्याचा संसार होऊ दिला नाही.’ ते वाक्य समोर ठेव आणि त्याला पुरावा माग. बाजूचा काय, विरुद्ध काय. तू वकिलाची मुलगी आहेस, तुला हे जमेल.

दुसरं एक कर. समज, तुझ्या जवळची एखादी बाई हेच दुखणं घेऊन तुझ्याकडे आली. तू तिला काय सांगशील? बहुतेक वेळा आपण दुसऱ्याला माफ करतो आणि त्याच गोष्टीसाठी स्वतःला फासावर देतो. तिला जे सांगशील ते आरशासमोर स्वतःला सांगून बघ.

हसू नकोस. मीही पहिल्यांदा हसले होते.

तुझी,
पुष्पा

⁂

देऊळघाट
९ जानेवारी २०२४

प्रिय पुष्पा,

तू लहानपणीही असंच करायचीस. सगळं ऐकून घ्यायचं आणि मी जे उशीखाली ठेवलंय त्याच्यावरच हात ठेवायचा.

नाही जेवत तो घरी. दिवाळीच्या आधी धामणगाव बढ्याला मुलगी पाहायला गेलो होतो, काजल नाव तिचं. शिकलेली, शांत. चहा झाल्यावर तिनं स्वतःच जीवनला अंगणात बोलावलं आणि तोंडावर सांगितलं की तुम्ही चांगले दिसता, पण मला शेतीच्या घरात यायचं नाही, उगाच तुमच्या खेपा नकोत. घरातले तिच्यावर चिडले. जीवन म्हणाला, तिले कोणी बोलू नका. तसेच परतलो. रात्री मी त्याला वाढलं, त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. दुसऱ्या दिवसापासून तो शेतातल्या खोलीवर राहतो. घरी येतो, ह्यांना आंघोळ घालतो, ह्यांच्याशी बोलतो, माझ्याशीही कामापुरतं बोलतो. पण माझ्या हातचं, माझ्या समोर बसून, खात नाही. डबा मात्र रिकामा येतो.

आता तुझा अभ्यास. तू म्हणालीस समज म्हणून, पण मला नुसतं मनात धरून बघता येईना, म्हणून मी खरंच बेबीताईला विचारलं. माझी धाकटी जाऊ, शेजारीच राहते, तोंडाची फटकळ. मी म्हटलं, एखाद्या बाईला वाटत असेल की आपल्यामुळं पोराचं लग्न राहिलं, तर तिला काय सांगावं? ती तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “जाऊबाई, गावात पाराले टेकून बसले इतके पोट्टे बिनलग्नाचे. त्या साऱ्यायले तुमीच फोन केला व्हता का?”

मला हसू आलं, पुष्पा. किती तरी दिवसांनी आलं. आणि पुरावाही मिळाला. गावातली किती मुलं कधी बाहेर गेलीच नाहीत आणि त्यांचंही तेच झालं. शिवाय जीवनसोबत चाकणला असलेला एक मुलगा अजून तसाच आहे, म्हणजे नोकरी असूनही. सगळं विरुद्ध बाजूला मांडलं. डोक्याला पटलं.

पण तेच तुला सांगायचं आहे. डोक्याला पटतं आणि दुपारी डबा भरायला बसले की तेच वाक्य पुन्हा सुरू होतं. पटलेलं खाली उतरत नाही. आपल्या वर्गातल्या कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला रांग लावायच्या आणि हसत बाहेर येऊन लंगडी खेळायच्या. आपण दोघी चॅपलच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघायचो. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना किती सोपं आहे. आजही तेच वाटतं.

तुझी,
भामा

⁂

पुणे
२० जानेवारी २०२४

प्रिय भामा,

बेबीताईंना माझा नमस्कार सांग. त्यांना आमच्या केंद्रात बसवायला हवं.

डोक्यातलं खाली उतरायला वेळ लागतो. त्याच्यासाठी आणखी एक रीत आहे. कागदावर एक गोल काढ, भाकरीएवढा. हा सगळा दोष, जे झालं त्याचा. आता ज्याचा ज्याचा त्यात हात आहे त्याचा तुकडा पाड, लहान-मोठा, खराखुरा. आजाराचा, गावाचा, काळाचा, माणसांचा. आणि नियम असा की तुझा तुकडा सगळ्यात शेवटी. आधी इतरांचं, मग उरेल ते तुझं.

ओळखीचा वाटला ना नियम? समुपदेशनाच्या वर्गात बाईंनी पहिल्यांदा शिकवला तेव्हा मला सिस्टर अ‍ॅग्नेसच दिसल्या.

दोषी वाटणाऱ्या माणसाची चूक अशी असते की तो आधी स्वतःचा तुकडा कापतो आणि मग भाकर उरतच नाही. आणि हे बघ, जीवनचा तुकडा पाडायला विसरू नकोस. तू बोलावलंस हे खरं, पण आला तो. एकोणतीस वर्षांचा होता, पाळण्यात नव्हता.

तो रागावला आहे असं मला वाटतं. राग निघून जाऊ दे. त्याच्या मागे लागू नकोस.

तुझी,
पुष्पा

⁂

देऊळघाट
१४ फेब्रुवारी २०२४

प्रिय पुष्पा,

कागदावर गोल काढला, पण तो भिंतीवरच्या घड्याळासारखा दिसायला लागला. म्हणून दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मी खरीच भाकर टाकली. ज्वारीची, चांगली पातळ, टम्म फुगलेली. ताटात घेऊन बसले आणि नाव घेऊन एकेक तुकडा मोडायला लागले.

पहिला आजाराचा. त्यात ह्यांचा थोडा, कारण डॉक्टरांनी सांगूनही तंबाखू सोडली नाही. ह्यांचं नाव घेताना जीभ अडखळली. अर्जुनराव हे नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि आता असं घ्यायचं. मग सासूबाईंचा, त्या म्हणायच्या की वावर दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. मग मुलींच्या बापांचा, तो मोठा मोडला. मग काळाचा. काजलचा एक टवका, तो परत भाकरीला लावावासा वाटला, तिनं काय केलं होतं?

मग जीवनची पाळी आली. मला मोडता येईना. त्याचं नाव घेतलं आणि हात तसाच राहिला. तुझं म्हणणं कळतं मला. पण आईनं आपल्या हातानं पोराच्या ताटात दोष कसा वाढावा? मी त्याचा तुकडा पाडला नाही. त्याचा तो माझ्यातच राहिला.

आणि खरी अडचण त्यानंतरची. तू कागद सांगितला होतास, तो फाडून टाकता आला असता. माझ्यासमोर ताटात तुकडे होते. भाकर टाकता येत नाही, हे तर तुला माहीत आहे. गाईला घालावी म्हणून उठले, तर गाय माझ्याकडे बघायला लागली. त्या मुक्या जीवानं काय केलं होतं की तिच्या तोंडात हे घालायचं? कुत्र्यालाही घालवेना. शेवटी मी बसले आणि सगळे तुकडे खाल्ले. ह्यांचा, सासूबाईंचा, मुलींच्या बापांचा, सगळ्यांचा. वर पाणी प्यायले.

तुझी रीत चुकीची नाही. माझ्यासारखीला ती जमत नाही.

बेबीताई मागच्या दारातून आली होती, तिनं मला भाकरीशी बोलताना पाहिलं. काही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत वाईटच लक्षण.

एक विचारू? तू चार ओळींत एकदाही तुझ्या लेकीचं, प्राचीचं, नाव काढत नाहीस. चिखलीलाही काढलं नव्हतंस. ती कशी आहे?

तुझी,
भामा

⁂

पुणे
२२ मार्च २०२४

प्रिय भामा,

उत्तराला उशीर झाला. पत्र टेबलावर होतं, रोज दिसत होतं.

प्राची टोरांटोला आहे. बरी असावी. तिचे बाबा गेले तेव्हा ती वेळेवर पोचली नाही, आणि फोनवर मी तिला नको ते बोलले. त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. नातवाचा आवाज मी कोणातरी तिसऱ्याच्या फोनवर ऐकते. हा अभ्यास मी लोकांसाठी केला नव्हता. ते मागाहून झालं.

माझीही भाकर मी काढली होती. पहिला तुकडा प्राचीचा पाडला, निम्म्याहून मोठा. सगळा हिशेब फार नीट बसला. मला हलकं वाटलं, बाईंनी शाबासकी दिली. मग केव्हातरी लक्षात आलं की सुरी माझ्याच हातात होती.

तू लेकराला काहीच वाढत नाहीस आणि मी सगळं वाढून मोकळी झाले. आपल्या दोघींना सिस्टर अ‍ॅग्नेसनी सुरी द्यायलाच नको होती.

जीवनविषयी मी जे लिहिलं, तो रागावला आहे म्हणून, ते मी कशावरून लिहिलं कोण जाणे. कदाचित माझ्या घरावरून. तू त्यालाच विचार, भामा. मी कधी विचारलं नाही.

जूनमध्ये चिखलीला यायचं आहे. देऊळघाटला येईन.

तुझी,
पुष्पा

⁂

देऊळघाट
१३ मे २०२४

प्रिय पुष्पा,

मी त्याला विचारलं नाही. त्यानंच मला विचारलं.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. ह्यांना उठता येत नाही, म्हणून सात वर्षं जीवनच भरतो. तो सकाळी आला, आंघोळ केली, आजोबांच्या नावानं घागर भरली, वर आंबा ठेवला, हात जोडले. मी दारातून बघत होते. माझ्या मनात आलं, ह्याच्या मागं ह्याची घागर कोण भरेल? ते मी बोलले नाही, पण त्यानं वर पाहिलं आणि माझा चेहरा वाचला.

तो स्वयंपाकघरात आला आणि चुलीपाशी पाटावर बसला. मी पुरणाची पोळी वाढायला घेतली तर म्हणाला, “पोळी राहू दे. भाकर टाक.” सणाच्या दिवशी. मी पीठ घेतलं. भाकर तव्यावर असताना तो म्हणाला, “बेबीकाकू सांगत व्हती, तू भाकरीचे तुकडे करून साऱ्यायचे नावं घेतले म्हणून. डोस्क्यावर परिणाम झाला म्हणे. काय व्हतं ते?”

मी सांगितलं. तुझं, गोलाचं, सगळं. तो ऐकत होता. मग विचारलं, “माहा तुकडा कोणता व्हता?”

मी म्हटलं, तुझा पाडला नाही.

“काऊन?”

मी तव्यावरची भाकर ताटात काढली. तो हलकेच म्हणाला, “आजीचा पाडला, मेलेल्या माणसाचा. त्या पोरीचा पाडला. माहाच नाही. मी कोणीच नाही का या घरात?”

त्यानं ताटातली गरम भाकर उचलली, मधून मोडली आणि अर्धी स्वतःपुढं ठेवली. “हे माही. तुहा फोन आला नसता तरी मी आलो असतो. अन् आल्यावर पाह्यजे तेव्हा जाता येत व्हतं. गेलो नाही. मले वावर आवडते, माय. मिरचीचं रोप लागलं का मले बरं वाटते. हे तू मले कधी विचारलंच नाही.”

मी म्हटलं, मग तू माझ्या समोर जेवत का नाहीस?

तेव्हा तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते दुसऱ्या शब्दांत मला सांगता येणार नाही. “तू वाढते तं माफी मागतच वाढते. पोळी टाकते तं डोये खाली, भाजी टाकते तं डोये खाली. घास उतरत नाही. मले बायको पाह्यजे व्हती. अजून बी वाटते कधी कधी. ते दुःख माह्यं आहे, मी त्याले पाहून घेईन. पण तू त्याच्यात तुह्यं कालवून देते, अन् मंग मले दोघायचं खा लागते.”

त्यानं अर्धी भाकर पुरी खाल्ली, माझ्या समोर. मग हात धुतले आणि म्हणाला, “आता पोरगी पाहू नको. मी कुठं येणार नाही. अन् ते पेटी उघड, ज्याचं त्याच्या घरी जाऊ दे.”

ती पेटी तुला माहीत नाही. सुनेसाठी मी साठवलेलं आहे तिच्यात, जीवन चाकणला लागला तेव्हापासून.

तुझं म्हणणं खरं ठरलं, पुष्पा. मी दोषी नाही. माझ्या वाट्याला भाकरीचा फार लहान तुकडा होता, आणि ते आता डोक्यातून खालीही उतरलं आहे. तुला वाटेल मला बरं वाटत असेल. माझी चूक होती तोवर ती कधीतरी निस्तरता येईल असं वाटायचं. नवस करायचे, स्थळं बघायची, कोणाला तरी फोन करायचा. आता माझं काहीच नाही त्यात, तर मी करू काय? तो एकटा राहणार आणि त्यात माझा हातसुद्धा नाही. हे मला त्या दोषापेक्षा जड जातं. तुमच्या अभ्यासात ह्याच्यावर काही असेल तर मला लिहू नकोस.

तो आता रोज घरी जेवायला येतो. आवाज न करता जेवतो. त्याला घास उतरावा म्हणून मी त्याच्याकडे पाहत नाही, तव्याकडे पाहते.

तू जूनमध्ये येशील तेव्हा पेटी तुझ्या हवाली करते. ह्या वेळी कापायचं काम तुझं, माझ्यानं होणार नाही. हे असं कर:

सोन्याच्या पाटल्या बेबीताईच्या डिंपलला. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे. बेबीताई नाही म्हणेल, फटकळपणा करेल, तरी दे.

चांदीचे पैंजण धामणगाव बढ्याच्या काजलला. कोणी दिले ते सांगायचं असेल तर सांग, ती ऐकून घेईल. तिच्या टवक्याचं माझ्या मनाला अजून लागतं.

डाळिंबी साडी प्राचीला. पोस्टानं पाठव. सोबत चिठ्ठी लिहू नकोस, समजावू नकोस, माफीही मागू नकोस. नुसती साडी.

जोडवी आणि मंगळसूत्राचे मणी सोनाराकडे नको. सिद्धिविनायकाला वाहायलाही नको. मणी माझ्या गळ्यातल्या पोतीत मी ओवून घेईन, जोडवी पायात घालेन, तेवढं मला राहू दे.

कापणारीला शेवटचं उरतं, तर रिकामी पेटी तू ने. सागवानी आहे, टिकेल.

तळाशी फडक्यात बांधलेले दोन चांदीचे वाळे सापडतील. ते जीवनचेच आहेत, लहानपणी त्याच्या पायातले, त्याच्या लेकरासाठी जपलेले. ते त्याचे त्याला दे. मी देऊ गेले तर माझ्या चेहऱ्यावर काय येईल ते मला ठाऊक आहे. तो जेवायला बसेल तेव्हा तू दे. मी तव्याकडे तोंड करून बसेन.

तुझी,
भामा